स्थिर आसन की सुखासन?

गेल्या महिन्यात आमच्या पुतण्याचे म्यूनिकहून पत्र आले. पत्र म्हणजे हल्लीच्या रीतीप्रमाणे भ्रमणध्वनीवरील चार ओळीच. परंतु मजकूर असा होता की आमच्या घरातील सात माणसे तीन दिवस त्यावर वाद घालीत होती. चिरंजीव आता एकेचाळीस वर्षांचे आहेत. बी.एम.डब्ल्यू. कंपनीची एम-थ्री नावाची वेगवान मोटार त्यांनी घ्यावयाची ठरविली असून, तीत बैठक कोणती घालून घ्यावी, शर्यतीची की नेहमीची, एवढाच प्रश्न उरला आहे; आणि "काका, या बाबतीत तुम्ही सांगाल ते," असे शेवटी लिहिले होते.

ज्या गृहस्थाने उभ्या जन्मात सायकलीखेरीज दुसरे वाहन हाकले नाही, त्याला हे विचारण्यात काय हशील, असे वाचकांस वाटेल. आमच्या घरातही तसेच वाटले. परंतु यात एक जुने देणे आहे. हा मुलगा सातवीत आमच्याच वर्गात होता. धातुरूपावलीच्या वहीत मागल्या पानांवर त्याने मोटारींची चित्रे चिकटविली होती आणि त्यांत ही एम-थ्रीही होती. आम्ही ती वही जप्त केली. पुन्हा दिली नाही. त्या वेळी आम्हांस आपण फार मोठे कर्तव्य केले असे वाटले होते. आता तोच मुलगा सहा वर्षे पैसे साठवून तीच मोटार घेत आहे आणि संमती आमची मागत आहे.

दुसरी बाजू अशी की दोन वर्षांपूर्वी त्याच्या कमरेतील मणक्यांमधील चकती सरकली होती. तीन आठवडे तो पाठ टेकून पडून होता, व सूनबाई एक हाताने लहानग्याला आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याला सांभाळीत होती. तेव्हापासून वहिनींना मोटारीचे नाव काढले तरी धडकी भरते.

आता बैठकीला एवढे महत्त्व का, हे आधी पाहू. मोटार वेगाने वळली म्हणजे आतील माणूस बाहेरच्या बाजूस फेकला जातो. चांगले टायर असलेली मोटार वळणावर जवळजवळ गुरुत्वाकर्षणाइतका आडवा जोर उत्पन्न करू शकते. म्हणजे सत्तर किलोंच्या माणसाला कोणी सत्तर किलोंचे ओझे लावून आडवे ओढावे तसे होते. बैठक गुळगुळीत व सपाट असली तर हाकणारा काय करतो? तो गुडघा दारास टेकवतो आणि स्टिअरिंगला लोंबकळतो. ज्या हातांनी दिशा द्यावयाची, तेच हात आधार शोधू लागले की संपले! म्हणून शर्यतीच्या बैठकीला दोन्ही बाजूंस उंच पंख असतात. ते बरगड्या व मांड्या धरून ठेवतात आणि हात मोकळे राहतात. शिवाय मागील चाके घसरू लागली की ती वार्ता डोळ्यांच्याही आधी कमरेस कळते. कठीण बैठक ती वार्ता जशीच्या तशी पोचविते, गुबगुबीत गादी मधल्यामध्ये गिळून टाकते.

या विद्येत जर्मन लोकांचा हात धरणारा नाही. स्टुटगार्ट येथे रॉयटर नावाचा मोटारींचे सांगाडे बांधणारा जुना कारखाना होता. १९६३ साली तो सांगाड्यांचा कारखाना पोर्शे कंपनीने घेतला आणि उरलेल्या मंडळींनी केवळ बैठकी करण्याचा धंदा धरला. नाव ठेवले रेकारो. रॉयटर या नावातील पहिली दोन अक्षरे आणि सांगाड्यास असलेल्या 'कारोसेरी' या शब्दाचा आरंभ, यांची ती जोडणी. संक्षेपाची ही युक्ती पाहून आम्हांस पाणिनीच्या प्रत्याहारांची आठवण झाली आणि मौज वाटली. असो.

पुतण्याच्या मोटारीत मुळात येते ती बैठकही काही साधी नव्हे. तिला पंख आहेतच. ते बटण दाबून जवळ अथवा दूर करता येतात. जादा पैसे भरल्यास मिळते ती कार्बन-तंतूंची शर्यतीची बैठक. तिचे पंख साच्यातच पक्के. ज्याचा देह त्या साच्यात बसेल त्याचे भाग्य. डोके टेकावयाचा भागही काढून ठेवता येतो, कारण शर्यतीत शिरस्त्राण घालावे लागते! या बैठकींनी गाडीचे वजन ९.६ किलोंनी घटते असे कंपनी सांगते. आम्ही लगेच त्रैराशिक मांडले. गाडी सुमारे पावणेदोन टनांची. म्हणजे हा साधारण एकशेऐंशीवा हिस्सा झाला. ४८० अश्वशक्तीच्या यंत्रास त्याचे काय ओझे? एवढे वजन चिरंजीवांनी रात्रीचा भात सोडला तरी वर्षभरात उतरेल, असे दादांनी शांतपणे सुचविले.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही उभयता म्यूनिकला होतो, तेव्हा पुतण्याने आम्हांस एका दुकानात नेऊन दोन्ही बैठकींवर बसविले होते. कार्बनच्या बैठकीत शिरणे हा एक विधीच आहे. कठडा उंच, मांड्यांच्या मध्यभागी त्याच कठीण द्रव्याचा एक उंचवटा. प्रथम एक पाय आत, मग अंग सोडून द्यावयाचे, मग दुसरा पाय उचलून घ्यावयाचा. आम्ही त्या दिवशी धोतर नेसलो नव्हतो ही ईश्वराची कृपाच म्हणावयाची. बाहेर येताना पुतण्याने हात दिला नसता तर आम्ही अद्याप तेथेच असतो. आमच्या कुटुंबाने तर आत बसण्याचे साफ नाकारले. परंतु खरे ते सांगितले पाहिजे. एकदा आत रुतल्यावर पाठीला चहूकडून असा भक्कम आधार मिळाला की आम्ही क्षणभर ताठ बसलो, आणि शेजारी उभ्या असलेल्या पुतण्याच्या तोंडाकडे पाहिले. ते तोंड आम्ही सातवीच्या वर्गात पाहिले होते.

आता पाठीविषयी. स्वीडनचे अस्थिवैद्य आल्फ नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात माणसांच्या मणक्यांतील चकतीत प्रत्यक्ष सुई घालून तेथील दाब मोजला. आधाराविना बसल्याने तो उभे राहण्यापेक्षा वाढतो असे त्यांस आढळले. पुढे १९९९ साली जर्मनीत उल्म येथील संशोधकांनी एका माणसावर तसेच मोजमाप केले, तेव्हा बसण्याउठण्यातील फरक एवढा मोठा दिसला नाही. मात्र पाठ मागे टेकून रेलल्याने भार हलका होतो हे तेथेही दिसले. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस फार मोलाची वाटते. चकतीला रक्तवाहिन्यांचा पुरवठा जवळजवळ नसतो. दाब कमीजास्त झाला म्हणजेच तिच्यात द्रव आतबाहेर होतो व तिचे पोषण होते. म्हणून माणसाने एकाच स्थितीत न राहता वरचेवर बसण्याची ढब बदलावी. पाऊण तासाच्या तासात मुले बाकावर चुळबुळ करीत, त्यावरून आम्ही तीस वर्षे त्यांस रागावलो. पाठीचे हित पोरांसच कळत होते.

शर्यतीच्या बैठकीचा गुण तोच तिचा दोष. ती माणसाला हलू देत नाही. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य व सुख ही दोन्ही एकाच सूत्रात घातली आहेत; ही बैठक पहिले भरपूर देऊन दुसरे हातचे घालविते.

"पण काका, मला न्युर्बुर्गरिंगला जायचे आहे," असे त्याचे म्हणणे. हा आयफेल डोंगरातील प्रसिद्ध शर्यतमार्ग. त्याचा उत्तरेकडील फेरा सुमारे २०.८ किलोमीटरांचा असून पैसे भरून कोणीही आपली गाडी तेथे नेऊ शकतो. म्यूनिकहून तो सुमारे पाचशे किलोमीटर. म्हणजे वर्षातून दोनदा, चार-पाच फेऱ्यांसाठी, जाण्यायेण्याचे हजार किलोमीटर त्या साच्यात बसून काढावयाचे. आणि मधल्या तीनशे साठ दिवसांत कचेरीला जाताना व मुलाला शाळेत सोडताना त्या कठड्यावरून चढउतार करावयाची. जो मार्गावर उतरण्यापूर्वीच आखडला, त्याला पंखांचा काय उपयोग?

ज्याची पाठ धड आहे, ज्याचे घर शर्यतमार्गाशेजारी आहे, अथवा ज्याच्या दारी दुसरी साधी मोटार आहे, त्याने कार्बनची बैठक खुशाल घ्यावी. त्यास आमची हरकत नाही. आमच्या पुतण्याला यांपैकी एकही लागू नाही. म्हणून आम्ही लिहिले: मोटार अवश्य घे, बैठक नेहमीचीच घे, शर्यतीच्या दिवशी तिचे पंख बटणाने आवळून घे, आणि जाताना दर दीड तासाने उतरून पाय मोकळे कर. मोटारच नको म्हणावे असा वहिनींचा आग्रह होता. तो आम्ही मानला नाही, व त्यामुळे दोन दिवस चहा निवलेला मिळाला.

उत्तर आले, "बरे काका." एवढेच. त्या दोन शब्दांत आनंद किती आणि निराशा किती, हे आम्हांस अजून नीट उमगलेले नाही. दादा व वहिनी चैत्रात तिकडे जाणार आहेत. त्यांच्याबरोबर ती जप्त केलेली वही पाठवावी असे मनात आहे. माळ्यावरील दोन ट्रंका पाहून झाल्या, तिसरीचे कुलूप गंजले आहे.