गरीब स्वभावाचा मित्र



‘माफीचा साक्षीदार’ हा १९८६ चा मराठी चित्रपट पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेला आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात कला महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांच्या टोळीने दहा माणसं मारली. राजेंद्र जक्कल आणि त्याच्या तीन साथीदारांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. पाचवा, सुहास चांडक, माफीचा साक्षीदार झाला.

मित्रांना मुठीत ठेवणारा एक आणि त्याला घाबरून मागे जाणारा दुसरा, अशी जोडी पडद्यावर आली की प्रेक्षकाचा जीव भित्र्यासाठी तुटतो. नाशिकमध्ये समुपदेशनाला बसते तेव्हा हेच वेगळ्या शब्दांत ऐकते. “तो तसा गरीब आहे हो, मित्रांनी बिघडवला.” सासू म्हणते, कधीकधी मार खाल्लेली बायकोसुद्धा म्हणते. पण मित्रापुढे मान खाली घालणारा हाच माणूस घरी हात उगारतो. त्याची भीती नेमकी आपल्यापेक्षा दुबळ्या माणसापाशी संपते.

कायदा इतका हळवा नाही. भारतीय दंड संहितेचं कलम ९४, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२, धमकीखाली केलेल्या कृत्याला माफ करतं, पण तत्काळ मृत्यूची भीती असेल तरच. खुनाला तर ही सबब चालतच नाही. माफीच्या साक्षीदारालाही माफी मिळते ती स्वतःच्या सहभागासकट सगळं खरं सांगण्याच्या अटीवर. घाबरलो होतो, एवढं पुरत नाही.

आपल्या केंद्रांतही हाच आग्रह हवा. “संगत सोडली” एवढ्या शब्दावर बाईला परत नांदायला पाठवू नये. त्याने काय केलं, काय पाहिलं, कुठे गप्प बसला, हे त्याच्याच तोंडून वदवून नोंदवहीत लिहावं.

१ डिसेंबर १९७६ च्या रात्री अभ्यंकरांच्या घरात पाच खून झाले. त्यांत घरकाम करणाऱ्या सकूबाई वाघही होत्या. हत्याकांडाच्या नावात त्या नाहीत. मारणाऱ्यांची नावं आजही सांगितली जातात, त्यांच्यातल्या भित्र्याच्या मनाचा विचार होतो. आपली सहानुभूती कुणाच्या वाट्याला जाते, हे एकदा तपासून पाहू या.