तुर्की आग्रह आणि सूर्यास्त

लातूर आणि नांदेड ही दोन्ही गावे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, आणि निजामाच्या घराण्याची तुर्कस्तानशी सोयरीक होती. १९२४ साली खिलाफत रद्द झाल्यावर देश सोडावा लागलेले अखेरचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद यांची कन्या दुरुशेहवार १९३१ साली सातव्या निजामाचे थोरले पुत्र आझम जाह यांची पत्नी झाली. हैदराबादी अंमलदारांच्या डोक्यावरील रुमी टोपी मराठवाड्यातील जुन्या पिढीने पाहिलेली होती. मौज अशी की, खुद्द तुर्कस्तानात त्या टोपीवर १९२५ सालीच कायद्याने बंदी आली होती.

तेव्हा टोपी आणि दरबार यांचे चित्र मनात घेऊन इस्तंबूलला जाण्यात अर्थ नाही. मात्र पाहुण्यास आग्रह करण्याची तेथील रीत अद्याप टिकून आहे, आणि सहलीस वा व्यापारासाठी जाणाऱ्या जैन कुटुंबाची कसोटी तीच पाहते.

बाजारात दुकानात बसताच चहा येतो; कमरेशी बारीक असलेल्या काचेच्या लहान पेल्यात, बिनदुधाचा. तो घेतल्याने खरेदीचे बंधन पडत नाही. परंतु गिऱ्हाइकाने स्वतः सांगितलेला भाव दुकानदाराने मान्य केल्यावर माघार घेणे अशिष्ट समजतात. मोंढ्यात वाढलेल्या माणसास हे समजावून सांगावे लागणार नाही. चहा पुरे झाला की चमचा पेल्यावर आडवा ठेवावा, नाहीतर पेला भरतच राहतो. भुवया उंचावून कोणी 'च्च' असा आवाज केला, तर त्याचा अर्थ 'नाही' इतकाच. त्यात मराठी हळहळ नसते.

घरी गेल्यावर जोडे दाराशी काढावयाचे, हे ओळखीचेच आहे. मात्र यजमान सपाता पुढे करतात, त्या घालाव्यात. लग्नमंडपात अत्तर-गुलाबपाणी मिळते, तशी तेथे हातावर लिंबाच्या सुगंधाची 'कोलोन्या' ओततात.

खरी अडचण ताटापाशी येते. 'एत येमियोरुम', म्हणजे 'मी मांस खात नाही', एवढे म्हणून भागत नाही. 'एत' म्हटल्यावर अनेकांच्या मनात कोंबडी वा मासळी येतच नाही, म्हणून 'तावुक' आणि 'बालिक' यांचीही नावे घेऊन नकार द्यावा लागतो. लातूरच्या डाळव्यापाऱ्यास मसुरीचे सूप घरचे वाटेल, पण ते पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. 'एत सुयू' आहे काय, हे विचारलेच पाहिजे. ऑलिव्ह तेलातील गार भाज्या बहुधा शाकाहारी असतात, तरी त्यांत कांदा-लसूण असतोच. प्रसिद्ध 'इमाम बायल्दी' तर वांग्याचीच. न्याहारीस साय आणि मध एकत्र देतात. मध वर्ज्य असणाऱ्यांनी तेही ध्यानी ठेवावे.

हे सारे ताट वाढल्यावर सांगणे हा यजमानिणीचा अवमान ठरतो. आमंत्रण स्वीकारतानाच सांगितले, तर तीच माहिती सोय ठरते. आवडत नाही असे न म्हणता धर्माचा नियम आहे असे म्हणावे. ज्या समाजात काय खावे आणि काय वर्ज्य याचा विचार घरोघरी होतो, तेथे हे कारण चटकन पटते. जे खाल्ले त्याबद्दल 'एलिनिझे सालिक', तुमच्या हातांस आरोग्य लाभो, असे अवश्य म्हणावे.

राहिला चौविहार. जूनमध्ये इस्तंबूलला सूर्यास्त साडेआठनंतर होतो, त्यामुळे संध्याकाळचे जेवण निभते. डिसेंबरात तो साडेपाचच्या सुमारास होतो. तेव्हा दुपारचेच आमंत्रण घ्यावे. रमजानात मात्र पेच पडतो. यजमानाचा उपवास ज्या क्षणी सुटतो, त्याच क्षणी चौविहारी पाहुण्याचा सुरू होतो. अशा वेळी आधी कळवून, सूर्यास्तापूर्वी पाणी पिऊन जावे आणि इफ्तारच्या पंगतीस नुसते बसावे. 'ओरुच' म्हणजे उपवास. हा एक शब्द उच्चारला की आग्रह थांबण्याचा संभव पुष्कळ. तरीही डबा बांधून देण्याची गोष्ट निघाली, तर मालात्याचे सुके जर्दाळू चालतील असे सुचवावे. शिजवलेले अन्न सकाळपर्यंत का चालत नाही, हे तेथे समजावत बसण्यापेक्षा ते सोपे.