शेत घ्यायला मोकळीक, घर बांधायला नाही

"आता शेतकरी असायची गरज नाही," हे बेळगावातल्या एजंटांचं पाठ वाक्य. खरं आहे ते. २०२० मध्ये कर्नाटकानं भूसुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं काढली आणि बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. पलीकडे चंदगडात महाराष्ट्राच्या कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. शेतकरी नसाल तर आधी परवानगी काढा. गोव्यानं तर २०२३ मध्ये कायदा करून भातशेतीची विक्री बिगरशेतकऱ्यांना बंद केली. म्हणजे पैसा गुंतवणाऱ्याला बेळगावच सोपं वाटणार.

पण मोकळीक फक्त खरेदीची आहे. जमिनीचा वापर बदलल्याशिवाय आणि लेआउट मंजूर झाल्याशिवाय शेतातला चार गुंठ्यांचा तुकडा उताऱ्यावर शेतच राहतो. सामाईक उताऱ्यावर नाव चढवून घेतलेला तुकडा म्हणजे तर वेगळीच भानगड. सर्व्हे नंबरातला हिस्सा वेगळा काढायला ११-ई नकाशा लागतो. तो नसेल, तर तुमचा तुकडा बांधालगतचा की ओढ्याकडचा, यावर पुढे भांडण ठरलेलं.

त्यात ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी १ वरून २ टक्के झाली. चाळीस लाखांच्या खरेदीला चाळीस हजार जास्त. तेवढे वाचवायला काही जण नोटरीच्या कागदावरच थांबतात, आणि मालकी विकणाऱ्याच्याच नावावर राहते. टोकन देण्याआधी बुडाचा मंजूर नकाशा मागा. एजंट "येतोय, येतोय" म्हणाला, तर टोकनही येतंय म्हणा.