नाव एक, झाडं दोन

बायबलातला 'ॲलो' म्हणजे कोरफड नव्हे. येशूच्या दफनासाठी निकदेम गंधरस आणि ॲलो यांचं शंभर रत्तल मिश्रण घेऊन आला, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. स्तोत्रांमध्ये तर राजाची वस्त्रंच या ॲलोने दरवळतात. ज्याने एकदा तरी कोरफडीचं पान कापलंय, तो असलं अत्तर कुणाच्या अंगरख्याला लावणार नाही. तिथे अभिप्रेत आहे तो अगरू. ईशान्य भारतापासून मलायापर्यंतच्या जंगलांत वाढणाऱ्या झाडाला जखम होते, बुरशी लागते, आणि त्या दुखण्यातून आतलं लाकूड काळं, राळेने जड आणि सुगंधी होतं. अगरबत्तीतला 'अगर' तो हाच. मराठी बायबलाने तिथे 'अगरू' असं लिहून प्रश्न मिटवला. इंग्रजी वाचणारा मात्र अजून कुंडीतल्या कोरफडीकडे बघत बसतो.

घोळ झाला तो असा. संस्कृतात अगरु, तमिळात अकिल. त्याच घराण्यातला शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला आणि हिब्रूत 'अहालीम', 'अहालोत' झाला, असं बहुतेक भाषाभ्यासक मानतात. ग्रीकांकडे 'अलोए' हा शब्द होता, पण तो कडू रसाच्या कोरफडीचा. उच्चार जवळचे, दोन्ही वस्तू पूर्वेकडून येणाऱ्या, दोन्ही महाग. भाषांतरात एकीचं नाव दुसरीला चिकटलं. पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस दोन्ही वेगळी ओळखत होता. अगरूला तो 'अगालोखोन' म्हणतो. पण धर्मग्रंथाचा शब्द वैद्याच्या शब्दापेक्षा दूरवर पोचतो. पुढे पोर्तुगीजांनी अकिल ऐकला आणि त्यांच्या कानाला तो 'आगिला', म्हणजे गरुड, वाटला. म्हणून इंग्रजीत त्याच लाकडाचं आणखी एक नाव 'गरुडाचं लाकूड'. या झाडाचा गरुडाशी काडीचाही संबंध नाही.

या गोंधळावरचं सगळ्यात रसाळ लेखन गोव्यात झालंय. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये भारतात आला आणि 1563 मध्ये गोव्यातच त्याने औषधी द्रव्यांवरचा संवादरूप ग्रंथ छापला. प्रास्ताविकानंतरचा पहिला विषय ॲलो! तो कोरफडीची नावं गोळा करतो: अरबांचं 'सब्र', त्यावरून स्पॅनिश 'आसिबार' आणि पोर्तुगीज 'आझेव्रे'. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांचा शब्द तो 'कातेकोमेर' असा लिहितो. मला त्यात 'काटे' आणि 'कुंवर', म्हणजे कुमारी, दोन्ही स्पष्ट ऐकू येतात. सुगंधी लाकडासाठी त्याने वेगळा संवाद लिहिला, म्हणजे दोन्हींची गल्लत होऊ दिली नाही. ऑर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. तो 1568 मध्ये वारला आणि 1580 मध्ये इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने त्याची हाडं उकरून जाळली. ग्रंथ मात्र उरला.

त्या काळी उत्तम काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा आटवलेला रस, यायचा तो सोकोत्रा बेटावरून. ॲरिस्टॉटलच्या सल्ल्यावरून अलेक्झांडरने या रसासाठी ते बेट घेतलं, अशी कथा अरब लेखक सांगतात. मला ती कथाच वाटते. पोर्तुगीजांनी 1507 मध्ये ते खरोखर घेतलं आणि चारच वर्षांत सोडूनही दिलं.

अरबी 'सब्र' म्हणजे धीरही. एडवर्ड लेन या इंग्रजाने 1836 च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की कैरोत नव्या घराच्या दारावर कोरफड टांगतात. ती माती-पाण्यावाचून वर्षानुवर्षं जगते, कधी फुलतेही, म्हणून तिचं नाव सब्र. आपल्याकडेही दृष्ट लागू नये म्हणून ती दारावर उलटी टांगतात आणि ती हिरवीच राहते. आपल्या वैद्यांनी या गुणाला धीर म्हटलं नाही, कुमारी म्हटलं: सदा कोवळी, सदा टवटवीत. घृतकुमारी, कुमारी आसव ही नावं त्यातलीच.

मराठीने आणखी एक बारकावा जपलाय. झाड ती कोरफड, आणि तिच्या पानातला पिवळा चीक आटवून केलेला काळा खडा तो काळा बोळ. मुका मार लागला की त्याचाच लेप. (हिराबोळ मात्र वेगळ्याच झाडाचा डिंक, म्हणजे गंधरस. तेव्हा 'नुसता बोळ द्या' म्हणणाऱ्याला काष्ठौषधींच्या दुकानात काय मिळेल, ते दुकानदारावर अवलंबून. आपणही अगदीच निर्दोष नाही.)

आता बाटलीवर 'ॲलोवेरा' आलंय. 'वेरा' म्हणजे खरी. हे नाव बर्मन या डच शास्त्रज्ञाने 1768 च्या एप्रिलमध्ये छापलं आणि दहाएक दिवसांच्या फरकाने फिलिप मिलरचं 'ॲलो बार्बाडेन्सिस' मागे पडलं. क्रीमच्या डब्यांवर ते अजून दिसतं. नव्या नावाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते झाड, चीक आणि गर या तिन्हींना एकच नाव देण्याशी. गर जवळपास 99 टक्के पाणी आणि निरुपद्रवी. सालीखालचा चीक हा जालीम रेचक. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2002 मध्ये तो चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून काढून टाकला. 'ॲलोवेरा पोटाला चांगलं' या वाक्यात नेमकं काय चांगलं, हेच कळत नाही.

तेव्हा घरची कोरफड कापाल तेव्हा पान उभं धरून पिवळा चीक पूर्ण गळू द्या, गर स्वच्छ धुवा, मगच वापरा. आणि घरात कुणी गर्भवती असेल, तर वैद्यांना विचारल्याशिवाय तिला यातलं काहीही पोटात देऊ नका.