ध्वनिमुद्रणाची नक्कल शेतकऱ्यास मिळावी

सप्टेंबर २०२४च्या आरंभी परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन उभे सोयाबीन पाण्याखाली गेले, तेव्हा पीक विम्याच्या तत्कालीन नियमानुसार नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक होते; आणि ज्यास मोबाइलचे अ‍ॅप साधत नाही त्याने १४४४७ या क्रमांकावर फोन करून गट क्रमांक, पीक आणि नुकसानीचे कारण तोंडी सांगावे, अशी तजवीज होती. बांधावर उभा राहून, हातातल्या सातबाऱ्यावरचा गट क्रमांक वाचून दाखवीत शेतकरी म्हणे, ‘शेतात गुडघाभर पाणी साचलंय’. पलीकडचा कर्मचारी मात्र पडद्यावरील ठरावीक कारणांपैकी एक निवडत असे, आणि ते चुकले तर पुढे दावा नामंजूर होऊ शके. अशा वादात खरा अस्सल दस्तऐवज म्हणजे त्या शेतकऱ्याचा आवाज होय. मदतवाहिन्यांवर संभाषण मुद्रित करण्याचा प्रघात आहे. परंतु ते मुद्रण यंत्रणेच्या दप्तरी, आणि शेतकऱ्याच्या हाती केवळ नोंदीचा डॉकेट क्रमांक.

साठवणुकीच्या खर्चाची सबब येथे टिकत नाही. दूरध्वनीचा आवाज सेकंदाला ६४ हजार बिट या प्रचलित मानाने साठवला, तर पाच मिनिटांचे संभाषण सुमारे अडीच मेगाबाइट भरते. असे एक लाख फोन तळहातावर मावणाऱ्या एका डिस्कमध्ये बसतात. खरी निकड आहे ती अनुक्रमणिकेची: प्रत्येक मुद्रणाशी तारीख, वेळ, फोन क्रमांक आणि डॉकेट क्रमांक जोडलेला नसेल, तर ते असूनही सापडत नाही, आणि साठवणुकीची मुदत दाव्याच्या निकालाआधीच सरली, तर यंत्रणा ते आपोआप पुसून टाकते. मराठवाड्यातील कुणबी नोंदी धुंडाळण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन दप्तरे उलगडता आली, कारण कोणीतरी ती जपली होती.

१ जुलै २०२४पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये विहित प्रमाणपत्रासह असे ध्वनिमुद्रण पुराव्यात दाखल होऊ शकते. खरीप २०२५पासून राज्याने पूर्वसूचनेवर आधारित भरपाईची तरतूदच वगळली. तथापि मागील हंगामांचे जे दावे अद्याप तंट्यात आहेत, त्यांची मुद्रणे अंतिम निकालापर्यंत पुसू नयेत, आणि डॉकेट क्रमांक देताच प्रमाणित नक्कल विनामूल्य मिळावी, असा स्पष्ट हुकूम कृषी विभागाने काढला पाहिजे.