सकाळ आदल्या रात्रीच सुरू होते!

‘उद्यापासून पक्का पाचला उठणार!’ हे वाक्य आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये एका वर्षात किमान चार वेळा तरी ऐकू येतं. सेमिस्टर सुरू होताना, डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर, पी.एल. सुरू झाल्यावर आणि अर्थातच एक जानेवारीला!

मीही म्हटलं होतं. नुसतं म्हटलं नाही, तर तीन रंगांच्या स्केचपेनने टाइमटेबल करून भिंतीवर चिकटवलं होतं. ५.०० उठणे, ५.१५ मेडिटेशन, ५.३० रनिंग, ६.१५ वाचन, ६.४५ डायरी. पहिल्या दिवशी सगळं जमलं. दुसऱ्या दिवशी रनिंग गळलं. चौथ्या दिवशी माझा अलार्म रूममेटने उठून बंद केला, कारण मला तो ऐकूच येत नव्हता आणि तिची मात्र झोपमोड होत होती.

इथपर्यंत गंमत होती. पण त्याच सेमिस्टरच्या शेवटी एका ओरलला मी पंचवीस मिनिटं उशिरा पोचले. आदल्या रात्री अडीचपर्यंत जागून वाचलं होतं. सगळं येत होतं हो! पण डोकं इतकं जड झालं होतं की समोरच्या साध्या सर्किटमध्ये ग्राउंड कुठे आहे तेही सुचेना. त्या दिवशी मार्क गेले त्यापेक्षा वाईट याचं वाटलं, की अभ्यास करूनही मी अभ्यास न केलेल्यांसारखी दिसले.

शाळेत असताना हा प्रॉब्लेम कधीच आला नव्हता. कॉन्व्हेंटची असेंब्ली साडेसातला, उशीर झाला की गेटवर सिस्टर उभ्या. मला वाटायचं, आपण फार शिस्तीच्या! हॉस्टेलला आल्यावर कळलं, ती शिस्त माझी नव्हतीच. ती डबा करणाऱ्या आईची होती, दाराशी हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्या काकांची होती आणि सगळ्यात जास्त, रात्री दहाला लाइट बंद करणाऱ्या बाबांची होती.

रॉबिन शर्मांचं ‘द फाइव्ह एएम क्लब’ हे पुस्तक २०१८ मध्ये आलं आणि ‘पाचला उठा’ हा मंत्रच झाला. पाचला उठण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आपण उठायची वेळ तेवढी उचलतो आणि झोपायची वेळ सोयीस्करपणे विसरतो. दोनला झोपून पाचला उठणं हे रुटीन नाही, स्वतःचा छळ आहे.

आपण इंजिनिअर होणार, तेव्हा आतली मशिनरीही बघू या. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना शरीरातल्या घड्याळावरच्या कामासाठी मिळालं. त्यांनी फळमाश्यांवर काम केलं. पेशीत एक प्रोटीन रात्री साठत जातं, साठलं की स्वतःचंच उत्पादन थांबवतं आणि दिवसा विरतं. म्हणजे आपल्या भाषेत निगेटिव्ह फीडबॅकवर चालणारा, साधारण २४ तासांचा ऑसिलेटर! माणसाचं घड्याळही याच तत्त्वावर चालतं. ते रोज सिंक करावं लागतं आणि सिंकचा मुख्य सिग्नल म्हणजे उजेड. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ओढतो, रात्री उशिराचा मागे ढकलतो. त्यातून आपल्या वयात, म्हणजे विशीच्या आसपास, हे घड्याळ आयुष्यात सगळ्यात उशिराकडे झुकलेलं असतं. तेव्हा ‘आजकालची पोरं आळशी’ हे पूर्ण खरं नाही. पण म्हणून रात्री एक वाजता रील्स बघून त्याला आणखी मागे ढकलायचं कारणही नाही!

मेसच्या मावशी रोज चारला उठतात. साडेसातला आपल्या ताटात जे गरम पोहे येतात ना, ते त्यांच्या पहाटेमुळे. मी एकदा त्यांना विचारलं, “मावशी, रोज कसं जमतं हो?” त्या म्हणाल्या, “अगं, नवाला पाठ टेकते मी. झोपायचं जमलं की उठायचं आपोआप जमतं.” एवढी पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं, ते एका वाक्यात!

मग मी टाइमटेबल फाडलं आणि तीनच गोष्टी ठेवल्या. साडेअकराला फोन टेबलावर, कॉटवर नाही. रोज पावणेसातला उठणं, रविवारीसुद्धा. आणि उठल्यावर चहाचा कप घेऊन दहा मिनिटं गच्चीवर, उजेडात. आणखी एक, रात्री अकराच्या टपरीवरचं कटिंग बंद. त्यातलं साधारण निम्मं कॅफिन पहाटे चारलाही अंगात असतं.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ यावर विश्वास ठेवू नका. २०१० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज निघाला. आणि दिलासा म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मला जवळजवळ तीन महिने लागले.

कुणी म्हणेल, “आमचा अभ्यास रात्रीच होतो, सबमिशनचं काय?” मान्य आहे. सबमिशनच्या आठवड्यात माझंही गणित कोसळतं. पण ‘नाईट मारली’ हे आपण मेडल मिळाल्यासारखं सांगतो, ते तरी बंद करू या. मित्रांनो, पॉझिटिव्ह सकाळ म्हणजे पाचचा आकडा नव्हे. उठल्यावर डोकं जागेवर असणं, एवढंच!

चला, साडेअकरा होत आले. फोन टेबलावर ठेवते. गुड नाईट!