सेलेनियमची सुई आणि सेप्सिसचा पहिला तास

सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने शरीरभर दाह भडकलेल्या, रुग्णाला सेलेनियम द्या म्हणणाऱ्यांची बाजू वरवर भक्कम वाटते. दाहाच्या माऱ्यापासून पेशींना वाचवणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एन्झाइमला सेलेनियम लागते. सेप्सिसमध्ये रक्तातले सेलेनियम घसरते, आणि ज्याचे जास्त घसरते त्याच्या जिवाला धोकाही जास्त. मग कमी पडले ते भरून काढा! आमच्या भिलाईच्या स्मृति नगरात कुणाचे वडील व्हेंटिलेटरवर गेले की नातेवाइकांच्या फोनवर असले सल्ले येऊ लागतात, आणि शेवटी पुस्ती ठरलेली: फायदा नाही झाला तरी नुकसान काय?

पहिली पायरीच कच्ची आहे. सेलेनियम घसरले म्हणून दाह भडकत नाही. दाह भडकला म्हणून रक्तातले सेलेनियम घसरते. ते वाहून नेणारे प्रथिन यकृत कमी बनवू लागते, असलेले रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटते, काही झिरपून ऊतींत जाते. ठरवून केलेल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, बाकी धडधाकट माणसातही हीच घसरण दिसते. दंगल आवरायला शिपाई बाहेर पडले आणि ठाणे रिकामे दिसले, तर भरती कमी झाली असे कुणी म्हणत नाही.

तरीही प्रयोगाने काय दाखवले, हे पाहणे न्यायाचे. जर्मनीतल्या २००७ च्या चाचणीने आशा दाखवली होती: सेलेनियमच्या गटात ४२.४ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात ५६.७. समर्थक हेच आकडे सांगतात. पण ते चाचणीचे नियम मोडले गेलेले रुग्ण वगळून काढलेले. त्यांना हिशेबात धरले की ३९.७ विरुद्ध ५०.० उरते, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. मग त्याच देशात १,०८९ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, रोज १,००० मायक्रोग्रॅम शिरेतून. निष्कर्ष २०१६ मध्ये आला: २८ दिवसांत सेलेनियमच्या गटात २८.३ टक्के दगावले, नुसत्या द्रावाच्या गटात २५.५. फायदा शून्य. सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही त्यानंतर शिरेतून सेलेनियम देऊ नका, असे स्पष्ट सांगितले.

राहिले ‘नुकसान काय’. दिवसाची गरज चाळीस-पन्नास मायक्रोग्रॅमची, आणि हे खनिज अति झाले की विष होते. बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात २०२४ च्या अखेरीस गावेच्या गावे टक्कल पडून हादरली. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपासणी करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. आयसीयूतली थोड्या दिवसांची सुई आणि रोजची पोळी एक नव्हे, हे मान्य. पण ‘शक्तीचे औषध, चालते कितीही’ हा समज त्या गावांकडे पाहून तरी सुटावा. दीर्घकाळ शिरेतूनच पोषण घेणाऱ्याला अल्प मात्रेत सेलेनियम लागतेच, त्याला माझा विरोध नाही. ते पोषण आहे, सेप्सिसचा इलाज नव्हे.

इलाज वेगळाच आहे, आणि तो घड्याळाशी बांधलेला आहे. रक्तदाब कोसळलेल्या सेप्सिसच्या रुग्णांच्या नोंदींवरून २००६ मध्ये दिसले की योग्य अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे वाचण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते. या नोंदी होत्या, चाचणी नव्हे. पण शॉक दिसला की तासाभरात अँटिबायोटिक, हा आजही नियम आहे. सोबत कल्चरसाठी रक्त, सलाइन, आणि पू साचला असेल तर तो काढणे. यात चमत्कार कुठलाच नाही. जीव मात्र यानेच वाचतात.

म्हणून घरातल्या तापाच्या माणसाला धाप लागली, बोलणे असंबद्ध झाले, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. भिलाईचे सेक्टर ९ रुग्णालय गाठा की रायपूर, पण त्याच रात्री निघा. पोहोचल्यावर विचारा: कल्चरचे रक्त घेतले का, अँटिबायोटिकची पहिली मात्रा किती वाजता दिली?